घरात चौघं, फ्ल्यूची लस नेमकी कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही पुण्यात राहतो. सासरे ७३ वर्षांचे, मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मुलगा साडेतीन वर्षांचा, जूनपासून नर्सरीत जाईल. मी ३६, नवरा ४०, दोघंही ठणठणीत. नवऱ्याने गेल्या वर्षी ऑफिसच्या शिबिरात फ्ल्यूची लस घेतली आणि दोन महिन्यांनी पाच दिवस तापाने आडवा झाला. त्यामुळे तो म्हणतो, पैसे पाण्यात. सासरे म्हणतात, 'सत्तर पावसाळे असेच काढले.' चौघांचे मिळून सात-आठ हजार होतात. खरंच गरज आहे का, आणि असेल तर कुणाला?

उत्तर:

ताई, सासऱ्यांना आणि मुलाला द्याच, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत द्या. तुमचं आणि यजमानांचं ऐच्छिक आहे. मी तुमच्या जागी असतो तर घेतली असती, पण ती स्वतःसाठी नव्हे, सासऱ्यांसाठी. का ते सांगतो.

आधी यजमानांचा ताप, कारण तो मिटल्याशिवाय घरात पुढची चर्चा होणार नाही. गेली सत्तावीस वर्षं पुण्यात दवाखाना चालवतोय, आणि 'लस घेऊनही ताप आला' हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो. आपण ताप, अंगदुखी, घसा या सगळ्याला 'व्हायरल' म्हणतो आणि सर्दी झाली की 'फ्ल्यू झालाय' म्हणून मोकळे होतो. लस मात्र फक्त इन्फ्लुएंझा या एका जातीच्या विषाणूंवर आहे. साध्या पडशाचे विषाणू वेगळे, आरएसव्ही वेगळा, कोविड वेगळा. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पुण्यात डेंग्यू आणि चिकुनगुनियाचं पीक येतं ते आणखी वेगळं. यजमानांच्या त्या पाच दिवसांत काही तपासणी झाली होती का? झाली नसेल तर तो इन्फ्लुएंझाच होता असं म्हणायला काही आधार नाही. आणि समजा तोच होता, तरी ही लस शंभर टक्के रोखते असं कुणीही शहाणा डॉक्टर सांगणार नाही.

किती रोखते? लसीतले विषाणू आणि त्या वर्षी फिरणारे विषाणू यांचं बऱ्यापैकी जुळलं, तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्ल्यू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. जुळलं नाही तर आकडा कोसळतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत एच३एन२ हा प्रकार लस बनून तयार होईपर्यंत बदलून गेला होता, आणि त्या वर्षी लसीचा उपयोग जेमतेम १९ टक्के भरला. हे लपवण्यात अर्थ नाही. लसीत काय घालायचं हे जागतिक आरोग्य संघटना सहा-आठ महिने आधी ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. तेवढ्या काळात विषाणू स्वस्थ बसत नाही. दरवर्षी नव्याने घ्यावी लागते ती याच कारणाने. शिवाय शरीरातलं संरक्षणही काही महिन्यांत उतरत जातं.

आता '५० टक्के' म्हणजे लस घेतलेल्या शंभरातल्या पन्नास जणांना फ्ल्यू होतो, असा अर्थ लोक काढतात. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज असा की वर्षभरात मोठ्या माणसांपैकी ५ ते १० टक्क्यांना आणि लहान मुलांपैकी २० ते ३० टक्क्यांना इन्फ्लुएंझा होतो. तुमच्यासारखी शंभर धडधाकट माणसं घेतली आणि त्यातल्या आठ जणांना होणार होता असं धरलं, तर लसीने तो चारांवर येईल. म्हणजे पंचवीस जणांनी टोचून घ्यावं तेव्हा एकाचा आठवडा वाचतो. हे वाचून यजमान म्हणतील, बघ, मी काय म्हणत होतो! आणि फक्त त्यांच्यापुरतं बोलायचं तर ते फारसे चुकीचे नाहीत. निरोगी चाळिशीतल्या माणसाला मी लसीसाठी घाबरवत नाही, आणि नाही घेतली म्हणून बोलही लावत नाही.

पण हाच हिशोब मुलाचा करा. शंभरातल्या पंचवीस पोरांना होणार असेल तर लसीने बारा-तेरा वाचतात. आठाला एक. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना ही लस दरवर्षी द्यावी असं सांगते, ते उगाच नाही. आणि मूल आजारी पडलं की किती दिवस विषाणू बाहेर टाकत राहतं, कुणाच्या मांडीवर बसून नाक पुसतं, कुणाच्या ताटातला घास खातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. साडेतीन वर्षांचं पोर नर्सरीत गेलं की पहिल्या पावसात शाळेतला प्रत्येक विषाणू घरी आणतं. आणि घरी आजोबा आहेत.

आता सासरे. खरा प्रश्न तुमच्या घरात यांचाच आहे.

सत्तर पावसाळे त्यांनी काढले हे खरं. पण त्यातले साठ पावसाळे मधुमेहाशिवाय आणि जवळजवळ सगळे स्टेंटशिवाय, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीशिवाय काढले, हे त्यांना हळूच सांगा. इन्फ्लुएंझाने म्हाताऱ्या माणसाला होणारा त्रास नुसता छातीचा नसतो. तापात साखर वर जाते, जेवण सुटतं, गोळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं, नाडी धावते, आणि आधीच अरुंद असलेल्या रक्तवाहिन्यांना सूज येते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार बोलका वाटतो: तपासणीने पक्का इन्फ्लुएंझा ठरलेल्या माणसांमध्ये त्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्यांच्याच एरवीच्या काळापेक्षा सहापट आढळलं. सहापट! माझ्या दवाखान्यात येणारे कितीतरी काका कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवस चुकली तर हळहळतात, आणि ही लस 'नंतर बघू' म्हणून वर्षानुवर्षं सोडतात.

उलट बाजूनेही पुरावा आहे. हार्ट अटॅकनंतर किंवा अँजिओप्लास्टीच्या वेळी ॲडमिट असलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना फ्ल्यूची लस आणि निम्म्यांना नुसतं सलाईनचं इंजेक्शन दिलं, कुणाला काय दिलं ते रुग्णांना माहीत नव्हतं. २०२१ मध्ये निकाल आले. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काही ना काही झालेले सलाईनवाल्या गटात ७.२ टक्के होते, लसवाल्या गटात ५.३ टक्के. हृदयाच्या औषधांच्या दुनियेत हा फरक छोटा नाही, आणि ही 'गोळी' वर्षातून एकदाच घ्यायची.

एक अडचण मात्र आहे, आणि ती मी कुटुंबांना मोकळेपणाने सांगतो. वय वाढलं की लसीला शरीराचा प्रतिसाद मंदावतो. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्यात ती सगळ्यात कमी चालते. म्हणून म्हाताऱ्या माणसाला नुसतं टोचून भागत नाही, त्याच्याभोवतीच्या माणसांनीही घ्यावी लागते. जपानमध्ये काही दशकं शाळकरी मुलांना सरसकट ही लस देत. त्या काळात म्हाताऱ्यांचे हिवाळ्यातले जादा मृत्यू घटले, आणि १९९४ च्या सुमारास ती मोहीम बंद झाल्यावर पुन्हा वाढले. त्यातलं सगळंच श्रेय लसीला द्यावं का यावर वाद घालता येईल, पण नातवंडाला टोचलं की आजोबा वाचतात हे मला तरी पटतं. मी सुरुवातीला 'सासऱ्यांसाठी' म्हटलं ते म्हणूनच. तुम्ही दोघं घेणार असाल तर पंचवीसाला एकचा हिशोब विसरा आणि जेवणाच्या टेबलावर समोर कोण बसतं ते बघा.

पुण्यातल्या माणसाला खरं तर हे सांगावं लागू नये. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्ल्यूचा पहिला बळी आपल्याच शहरात गेला, एक शाळकरी मुलगी. त्या आठवड्यात नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, बंद पडलेल्या शाळा आणि सिनेमाघरं, तोंडाला रुमाल बांधून निघालेलं अख्खं शहर हे मी पाहिलंय. माझ्या दवाखान्यात तेव्हा साधं शिंकणारा माणूसही मान खाली घालून बसायचा. पुढे तो विषाणू कुठे गेला? कुठेच नाही. तो दरवर्षीचा फ्ल्यू होऊन आपल्यातच राहिला. आजही लोक औषधाच्या दुकानात 'स्वाइन फ्ल्यूची लस द्या' म्हणून मागतात आणि 'साधी फ्ल्यूची नको' असं बजावतात. दोन्ही एकच. २००९ चा एच१एन१ हा आजच्या लसीतला एक घटक आहे, दुसरा एच३एन२, आणि बी प्रकाराचा एक. जुन्या लसींमध्ये बी चे दोन असत, त्यातला यामागाता नावाचा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेच पक्का सापडलेला नाही. म्हणून तीन घटकांची लस बघून 'स्वस्तातली दिली का?' असं विचारू नका.

आता वेळ, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. इंटरनेटवर वाचून लोक ऑक्टोबरमध्ये येतात, कारण लंडन-न्यूयॉर्कमध्ये तेव्हा घेतात. आपल्याकडे, म्हणजे काश्मीरसारखा थंड भाग सोडला तर देशाच्या बहुतेक भागात, इन्फ्लुएंझाचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो, जूनअखेर ते सप्टेंबर. दुसरी लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमधली एच३एन२ ची साथ आठवत असेल, घरोघर खोकला महिनाभर हलत नव्हता. हा दोन हंगामांचा नकाशा काढण्यात आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा मोठा वाटा आहे. इंजेक्शननंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे आपल्याकडे सगळ्यात योग्य काळ एप्रिल-मे. ज्यांच्या घरी कुणी आषाढी वारीला चालत जाणार असेल त्यांना मी मेच्या मध्याचीच तारीख देतो. पावसात भिजत, हजारो माणसांत, मुक्कामाला एका मांडवात झोपायचं, याहून चांगली संधी विषाणूला मिळत नाही.

लस घेताना खोकं हातात घेऊन बघा. त्यावर साल आणि इंग्रजीतली दोन अक्षरं असतात, 'एसएच' म्हणजे दक्षिण गोलार्धाची, 'एनएच' म्हणजे उत्तर गोलार्धाची. एप्रिल-मे मध्ये त्याच वर्षाची एसएच मिळते, ती मागा. गेल्या ऑक्टोबरची उरलेली एनएच खपवायला कुणी पुढे केली तर नाही म्हणा. ऑगस्टपर्यंत राहूनच गेली तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडू नका, जी सगळ्यात नवी मिळेल ती घ्या, पावसाळ्याची शेपूट आणि पुढचा फेब्रुवारी तरी सांभाळला जाईल.

आणि कृपा करून लस दुकानातून आणून घरी ठेवू नका. ती २ ते ८ अंशांत राहावी लागते, आणि गोठली की संपली. एक अतिशय काटेकोर गृहस्थ माझ्याकडे डबा घेऊन आले, आत बर्फाच्या लादीत सिरिंज. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, 'खराब होऊ नये म्हणून'. दीड हजार रुपये कचऱ्यात टाकताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. टोचायला जाल तिथेच, त्यांच्या फ्रीजमधली घ्या.

त्रासाचं म्हणाल तर हात एक-दोन दिवस दुखतो, काहींना कणकण येते, अंग मोडून आल्यासारखं वाटतं. या इंजेक्शनमध्ये मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यातून फ्ल्यू होऊ शकत नाही. नाकात फवारायची जिवंत पण दुबळ्या विषाणूची लसही असते, तुमच्या सासऱ्यांसाठी ती नको. ते रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असणारच. त्या बंद करू नका, फक्त टोचणाऱ्याला आधी सांगा. बारीक सुई वापरून नंतर दोन-तीन मिनिटं न चोळता दाबून धरलं की काळं-निळं होत नाही.

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न गियाँ-बारेचा, म्हणजे जीबीएसचा, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जे झालं त्यानंतर हे नाव पुण्यात घराघरांत पोहोचलं. त्या साथीचा संबंध दूषित पाण्याशी आणि त्यातल्या एका पोट बिघडवणाऱ्या जंतूशी जोडला गेला, लसीशी नव्हे. फ्ल्यूच्या लसीने जीबीएस होऊ शकतो का? होऊ शकतो, दहा लाखांत एक-दोन जादा रुग्ण इतपत. खुद्द फ्ल्यू झाल्यावर होण्याचा धोका याहून जास्त. पूर्वी फ्ल्यूची लस घेतल्यावर सहा आठवड्यांत ज्याला जीबीएस झाला असेल त्याने मात्र आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय घेऊ नये. आधीच्या डोसला जीवघेणी ॲलर्जी आली असेल तर अजिबात नको. अंगात चांगला ताप असेल तर उतरल्यावर घ्या, नुसतं नाक गळत असेल तर थांबायची गरज नाही.

अंड्याचं. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून बनतात, आणि अंड्याच्या प्रथिनांचा सूक्ष्म अंश उरतो. ॲलर्जीपोटी विचारत असाल तर काळजी नको, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही ही लस चालते असंच आता सांगितलं जातं. पण माझ्याकडे माळकरी येतात, जैन कुटुंबं येतात, त्यांचा प्रश्न ॲलर्जीचा नसतो. त्यांना मी खरं ते सांगतो आणि गप्प बसतो. एका आजोबांनी दोन दिवस विचार करून सांगितलं, 'औषध म्हणून चालेल, चवीला नाही.' दुसऱ्या एका बाईंनी नाही म्हटलं. त्यांच्या घरातल्या बाकीच्यांनी घेतली.

पैशांचं बघू. खाजगीत एका डोसला साधारण दीड ते दोन हजार लागतात. महाराष्ट्रात २०१५ च्या मोठ्या साथीनंतर सरकारी आरोग्य यंत्रणेतून गरोदर बाया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देण्याचा निर्णय झाला. साठा दर वेळी असतोच असं नाही, पण सासऱ्यांसाठी जवळच्या महापालिका दवाखान्यात आधी विचारून बघा. तुमच्याकडे स्वयंपाकाला कुणी मावशी येत असतील आणि त्यांना साखर असेल तर त्यांच्यासाठीही विचारा, त्याही रोज तीच हवा घेतात. हात आखडताच घ्यायचा असेल तर क्रम असा लावा: सासरे, मुलगा, मग तुमच्या दोघांपैकी जो त्यांची शुश्रूषा करतो तो. आणि दुसरं बाळ घ्यायचा विचार असेल तर गरोदरपणात ही लस कुठल्याही महिन्यात घेता येते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती टोचता येत नाही, त्याला संरक्षण मिळतं ते आईकडूनच. सासऱ्यांची न्यूमोकॉकल (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस झाली आहे का तेही त्याच भेटीत विचारा. ती वेगळी, दरवर्षीची नव्हे, आणि दुसऱ्या दंडात त्याच दिवशी घेता येते.

लस घेऊनही सासऱ्यांना पावसाळ्यात एकदम जोराचा ताप, कोरडा खोकला, अंग ठणकणं सुरू झालं तर 'लस घेतलीय, फ्ल्यू नसेल' असं समजून काढ्यावर तीन दिवस घालवू नका. ओसेल्टामिविर नावाचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त कामाला येतं, त्यामुळे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. घरात उरलेली अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ती चालत नाही. दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, ओठ-नखं निळसर पडणं यातलं काहीही दिसलं तर दवाखान्याच्या वेळेची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

मुलाला पहिल्यांदाच देताय ना? मग नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. पुढच्या वर्षापासून एकच. मेच्या पहिल्या आठवड्यात पहिला दिला तर दुसरा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, नेमका दप्तर-रेनकोट-युनिफॉर्मच्या धावपळीत, आणि दरवर्षी माझ्याकडची कितीतरी मुलं त्या दुसऱ्या डोसला येतच नाहीत. पहिल्या दिवशीच दुसऱ्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी आजोबांनाच नातवाला घेऊन पाठवा.